मधुमेही रुग्णाचे हृदय : बायपास की स्टेंट?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच विषयावर होती, याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रौढांमधील मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले होते : २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. जेथे चार प्रौढांमागे एकाहून अधिकांना मधुमेह आहे, तेथे हृदयाच्या धमन्यांचे विकार घरोघरी पोहोचणारच. आलेल्या पत्रांतून पाच निवडून त्यांची उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील प्रश्न सर्वांत अधिक जणांचा असल्याने त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे असून गेली सोळा वर्षे त्यांना मधुमेह आहे. देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागू लागला म्हणून तपासणी केली. छातीत दुखते असे त्यांनी कधीच सांगितले नाही. एका खासगी इस्पितळात अँजिओग्राफी चालू असताना डॉक्टरांनी मला कॅथलॅबच्या (अँजिओग्राफीच्या खोलीच्या) दाराशी बोलावून घेतले, पडद्यावर तीन नसांतले अडथळे दाखवले आणि ‘आत्ताच स्टेंट घालून टाकूया, पुन्हा यायला नको’ असे सांगितले. मी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. अहवालात ‘एलएडीच्या (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीच्या) सुरुवातीच्या भागात ८५ टक्के, सर्कमफ्लेक्सच्या (डाव्या बाजूच्या दुसऱ्या धमनीच्या) शाखेत ८० टक्के, उजव्या धमनीत ७० टक्के, पंपिंग (प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ५० टक्के’ असे लिहिले आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी बायपास सुचवला आहे. छाती फाडून घ्यायला बाबा तयार नाहीत. शेजारच्या गृहस्थांना स्टेंट घातला आणि आठवडाभरात ते दुकानावर बसू लागले, हा त्यांचा दाखला असतो. आम्ही काय करावे? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : आपण दोन दिवस मागून घेतलेत, हे योग्य केलेत. वडिलांना बसल्या जागी छातीत दुखत नसेल, दम अचानक वाढलेला नसेल आणि हार्ट अटॅकची चिन्हे नसतील, तर असा निर्णय अँजिओग्राफीच्या टेबलावर घेण्याची गरज नसते. छातीत दुखले नाही म्हणून विकार सौम्य आहे, असे मात्र समजू नये. दीर्घकाळच्या मधुमेहात वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवरच परिणाम होतो. त्यामुळे इतरांना जेथे छातीत आवळल्यासारखे होते, तेथे मधुमेही माणसाला नुसता दम लागतो, थकवा येतो किंवा काहीच जाणवत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. स्टेंट म्हणजे धातूची जाळीदार नळी. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून ती हृदयापर्यंत नेतात, अडथळ्याच्या जागी फुगवतात आणि तेथील वाट मोकळी करतात. अडथळा एका जागी असेल तर हा उपाय उत्तम आहे. मधुमेहात मात्र धमनीचा विकार सहसा एका बिंदूपुरता नसतो. तो लांबवर पसरलेला असतो, धमन्या बारीक झालेल्या असतात आणि पडद्यावर ८५ टक्क्यांचा अडथळा ठळक दिसला तरी त्याच्या अलीकडे-पलीकडे आज ३० किंवा ४० टक्क्यांवर असलेले थर उद्याच्या हार्ट अटॅकला कारण ठरू शकतात. स्टेंट आजच्या जागेचा बंदोबस्त करतो, उद्याच्या जागेचा नाही. बायपासमध्ये शल्यचिकित्सक अडथळ्याला हातच लावत नाहीत. छातीच्या पिंजऱ्याच्या आतल्या बाजूने खाली उतरणारी डावी धमनी सोडवून घेऊन ती एलएडीला अडथळ्याच्या बरीच पुढे जोडतात आणि उरलेल्या धमन्यांसाठी बहुधा पायातील शीर वापरतात. त्यामुळे वरच्या भागात पुढे नवा अडथळा झाला, तरी खालच्या स्नायूला रक्त मिळत राहते. कुळागरातला पाट एके ठिकाणी चोंदला तर तेवढी माती उपसून भागते. पाट जागोजागी गाळाने भरत असेल तर शेवटच्या पोफळींच्या थोडे अलीकडे दुसरीकडून पाणी आणून सोडावे लागते, तसेच हे आहे.

हा नुसता तर्क नाही. स्टेंट रुळण्यापूर्वी, केवळ फुग्याने धमनी रुंदावत असत त्या काळात, अमेरिकेत ‘बारी’ नावाची मोठी चाचणी झाली. तिच्यातील मधुमेही रुग्णांमध्ये पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण बायपास गटात सुमारे ८१ टक्के आणि फुग्याच्या गटात सुमारे ६६ टक्के होते. फरक इतका ठळक होता की संपूर्ण निष्कर्ष छापून येण्याआधीच, १९९५ मध्ये, तेथील राष्ट्रीय हृदय संस्थेने डॉक्टरांसाठी इशारा प्रसिद्ध केला. पुढे औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि आता हा फरक मिटेल अशी आशा निर्माण झाली. तीच तपासण्यासाठी ‘फ्रीडम’ ही चाचणी आखण्यात आली. मधुमेह आहे आणि एकाहून अधिक धमन्यांत अडथळे आहेत, असे १,९०० रुग्ण तिच्यात होते आणि त्यांपैकी दहातील आठांहून अधिक जणांच्या, आपल्या वडिलांप्रमाणे, तिन्ही धमन्यांत अडथळे होते.

२०१२ मध्ये आलेले तिचे निष्कर्ष मी आकड्यांनिशी देतो, कारण ‘बायपास चांगला’ एवढ्या मोघम वाक्यावर कोणीही छाती उघडून घेऊ नये. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही घडलेल्यांचे प्रमाण स्टेंट गटात २६.६ टक्के होते, तर बायपास गटात १८.७ टक्के. केवळ मृत्यू पाहिले तर १६.३ आणि १०.९ टक्के, हार्ट अटॅक १३.९ आणि ६ टक्के. पहिल्याच वर्षात पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा शस्त्रक्रिया करावी लागलेले स्टेंट गटात १२.६ टक्के होते, बायपास गटात ४.८ टक्के. एका बाबतीत मात्र बायपासची बाजू पडती होती : पक्षाघात ५.२ टक्के, स्टेंटमध्ये २.४ टक्के. यांतील बराचसा फरक शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यातला आहे. म्हणजे शंभर मधुमेही रुग्णांमागे पाच वर्षांत सुमारे पाच जीव अधिक वाचतात, सुमारे आठ हार्ट अटॅक टळतात आणि त्याच्या मोबदल्यात सुमारे तीन पक्षाघात अधिक होतात. हे माप आपल्या वडिलांसमोर जसेच्या तसे ठेवावे, कोणतीही बाजू झाकू नये. यांतील काही रुग्णांचा मागोवा पुढेही घेतला गेला, तेव्हा सुमारे साडेसात वर्षांच्या टप्प्यावर मृत्यूचे प्रमाण स्टेंट गटात २४.३ आणि बायपास गटात १८.३ टक्के होते. फरक टिकून राहिला.

शेजाऱ्यांच्या दाखल्याचे उत्तरही याच चाचणीत आहे. पहिल्या काही महिन्यांत स्टेंटचा रुग्ण सरसच दिसतो. तो तिसऱ्या दिवशी घरी असतो, तेव्हा बायपासचा रुग्ण छातीशी उशी धरून खोकत असतो. मृत्यूच्या बाबतीत दोन गटांच्या वाटा साधारण दोन वर्षांनंतर वेगळ्या होऊ लागल्या. आठवड्यात दुकानावर बसलेला शेजारी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. पाच वर्षांनंतरचा हिशेब कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो. शिवाय त्या गृहस्थांच्या किती धमन्यांत अडथळे होते आणि त्यांना मधुमेह होता की नाही, हे विचारल्याशिवाय तो दाखला आपल्या घराला लागू करता येणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. फ्रीडममधील स्टेंट पहिल्या पिढीचे होते आणि आजचे अधिक पातळ व अधिक सुरक्षित आहेत. आक्षेप खरा आहे. नव्या स्टेंटची तीन धमन्यांच्या विकारात बायपासशी तुलना करणाऱ्या ‘फेम ३’ या चाचणीत १,५०० रुग्ण होते. एका वर्षानंतर स्टेंट गट मागे होता (मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा पुन्हा प्रक्रिया : १०.६ टक्के विरुद्ध ६.९ टक्के), पण २०२५ मध्ये आलेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक व पक्षाघात यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय फरक राहिला नाही, हार्ट अटॅक आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या प्रक्रिया मात्र स्टेंटमध्येच अधिक होत्या. या चाचणीत मधुमेह नसलेले रुग्ण बहुसंख्य होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. केवळ मधुमेहींसाठी आखलेल्या आणि नवे स्टेंट वापरलेल्या मोठ्या चाचणीने फ्रीडमचा निष्कर्ष उलटवलेला नाही. अमेरिकी हृदयरोग संघटनांची २०२१ ची मार्गदर्शक सूत्रेही तेच सांगतात : मधुमेह, अनेक धमन्यांचा विकार आणि त्यांत एलएडीचा समावेश असेल, तर छातीतील डावी धमनी एलएडीला जोडून केलेला बायपास स्टेंटपेक्षा श्रेयस्कर.

आपण दिलेल्या अहवालात या तिन्ही गोष्टी आहेत. पंपिंग फार घटलेले नाही, वय ६४ आहे आणि मूत्रपिंडे व फुप्फुसे ठीक असतील, तर त्यांच्या बाबतीत पारडे बायपासकडे झुकते असे माझे स्पष्ट मत आहे. अडथळ्यांच्या गुंतागुंतीला गुण देणारी ‘सिंटॅक्स’ नावाची पद्धत आहे. २२ पर्यंत कमी, ३३ आणि पुढे जास्त. ‘गुण कमी आहेत, म्हणून स्टेंट चालेल’ असे आपल्याला कोणी सांगितले, तर मधुमेहींच्या फ्रीडम चाचणीत बायपासचा लाभ या गुणांवर अवलंबून असल्याचे दिसले नव्हते, हे नम्रपणे निदर्शनास आणून द्यावे.

तरीही पत्रावरून शस्त्रक्रिया ठरवता येत नाही. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्यावी. ती रुग्णाचीच असते. हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यचिकित्सक या दोघांनी ती एकत्र पाहावी, असा आग्रह धरावा. ज्यांच्या हातात फक्त स्टेंट आहे त्यांनी एकट्याने किंवा ज्यांच्या हातात फक्त सुरी आहे त्यांनी एकट्याने हा निर्णय घेऊ नये, म्हणूनच ही पद्धत जगभर रूढ झाली आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हे दोन्ही विभाग एकाच आवारात असल्यामुळे दुसरे मत घेण्यासाठी बेळगाव किंवा मुंबई गाठण्याची गरज नाही. शल्यचिकित्सकांना एक प्रश्न अवश्य विचारावा : एलएडीच्या खालच्या भागात जोड घेण्याइतकी चांगली धमनी शिल्लक आहे का? दीर्घकाळच्या मधुमेहात कधी कधी ती नसते आणि मग माझे वरचे सगळे विवेचन आपल्या वडिलांना लागू पडणार नाही.

दाराशी उभे करून घेतलेल्या संमतीबद्दल आपण स्पष्ट काही लिहिलेले नाही, पण पत्रातली अस्वस्थता कळते. आतल्या टेबलावर माणूस अर्धवट गुंगीत पडला आहे आणि बाहेर मुलाच्या हातात कागद दिला आहे, अशा स्थितीत मिळालेली सही कायद्याला पुरेशी असेलही. तिला निर्णय म्हणता येत नाही. हार्ट अटॅकची गोष्ट वेगळी. ती पुढच्या एका प्रश्नात येते.

प्रश्न : आईचे वय ७९. मधुमेह, रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) २.१. घरातल्या घरात काठी घेऊन चालते. छातीत दुखते म्हणून अँजिओग्राफी केली. दोन नसांत अडथळे निघाले, एलएडी जवळजवळ साफ आहे. मधुमेह असेल तर बायपासच करावा असे कोणीतरी सांगितल्यापासून भाऊ हट्टाला पेटला आहे. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : भावाला हे उत्तर वाचायला द्यावे. मधुमेह आहे म्हणून बायपास, असा नियम नाही. फ्रीडममधील रुग्णांचे सरासरी वय ६३ होते, मोठी शस्त्रक्रिया सोसेल अशाच प्रकृतीची माणसे तिच्यात निवडली गेली होती आणि तिचे निष्कर्ष काठीच्या आधाराने चालणाऱ्या, मूत्रपिंडे दुबळी झालेल्या ७९ वर्षांच्या मातेला जसेच्या तसे लागू करणे चुकीचे आहे. बायपासचा मोठा लाभ एलएडीला जोडलेल्या छातीतील धमनीतून येतो. ती जोडणी दहा वर्षांनंतरही दहांपैकी नऊ रुग्णांत चालू असते, उलट पायातील शिरेच्या जोडण्यांपैकी जवळपास निम्म्या तोवर बंद झालेल्या असतात. आपल्या आईची एलएडी चांगली आहे. तेव्हा ज्या लाभासाठी छाती उघडायची तोच येथे नाही आणि जोखीम मात्र पुरेपूर आहे.

प्रथम औषधांची मात्रा वाढवून दुखणे आटोक्यात येते का, ते पाहावे. न आल्यास ज्या धमनीमुळे दुखते तिच्यात स्टेंट घालणे योग्य ठरेल. अँजिओप्लास्टीत वापरले जाणारे रंगद्रव्य मूत्रपिंडांना त्रासदायक असते, म्हणून ते कमीत कमी वापरावे आणि मूत्रपिंडतज्ज्ञांना आधी विचारावे. आई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असल्यास ती गोळी केव्हा थांबवायची आणि केव्हा पुन्हा सुरू करायची, हे लेखी घ्यावे. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. या वयात पडून डोक्याला मार लागला तर त्या घातक ठरू शकतात, तेव्हा न्हाणीघरातील शेवाळलेली लादी आधी घासून घ्यावी आणि धरायला दांडा बसवून घ्यावा. आणि आईला काय हवे, हे भावाने एकदा आईलाच विचारावे. पत्रात तिचे मत कोठेच आलेले नाही.

प्रश्न : मला मधुमेह आहे. दोन महिन्यांपूर्वी पहाटे हार्ट अटॅक आला, १०८ ने नेले आणि तासाभरात एक स्टेंट घातला. आणखी दोन नसांत ७५ आणि ८० टक्के अडथळे आहेत, असे सांगितले. मधुमेहींसाठी बायपास बरा असताना मला स्टेंट घालण्यात चूक तर झाली नाही ना? उरलेल्या नसांचे काय? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : चूक झालेली नाही; त्या पहाटे तोच उपाय योग्य होता. हार्ट अटॅकमध्ये एक धमनी गुठळीने पूर्ण बंद झालेली असते आणि प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. अशा वेळी बंद धमनी तातडीने उघडणे, किंवा कॅथलॅब दूर असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे, हेच काम असते आणि त्यात मधुमेही व बिगर-मधुमेही असा भेद नाही. वर ज्या तुलनेविषयी लिहिले ती मुख्यतः स्थिर विकार असलेल्या रुग्णांची आहे.

उरलेल्या धमन्यांबाबत २०१९ ची ‘कम्प्लीट’ ही चाचणी उपयोगी आहे. हार्ट अटॅकनंतर बंद पडलेली धमनी उघडलेल्या ४,०४१ रुग्णांपैकी ज्यांचे उरलेले मोठे अडथळेही पुढे स्टेंटने सोडवले, त्यांच्यात सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा हार्ट अटॅक यांचे प्रमाण ७.८ टक्के राहिले. न सोडवलेल्यांत १०.५ टक्के. म्हणजे त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. ते स्टेंटने सोडवावेत की बायपासने, हे ते कोठे आहेत यावर ठरेल. एलएडीच्या सुरुवातीचा अडथळा शिल्लक असेल आणि अटॅक दुसऱ्या धमनीत आला असेल, तर आपल्यालाही शल्यचिकित्सकांचे मत घेतले पाहिजे. त्या पहाटेचा स्टेंट ही त्याला आडकाठी नाही. स्टेंट नवा असल्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर यांपैकी जी गोळी चालू असेल ती मात्र कोणाच्याही सांगण्यावरून, दात काढायचा आहे म्हणूनसुद्धा, हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये. अटॅकनंतर ती साधारणपणे वर्षभर घ्यावी लागते.

प्रश्न : शस्त्रक्रिया नको, स्टेंटही नको, फक्त औषधांवर राहता येणार नाही का? शिरेतून सलाईन देऊन नसा साफ करणाऱ्या उपचाराची जाहिरात पाहिली. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : पहिला प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि डॉक्टरांकडून तो जेवढा विचारला जायला हवा तेवढा विचारला जात नाही. ‘बारी २-डी’ ही २००९ ची चाचणी मधुमेह व स्थिर हृदयविकार असलेल्या २,३६८ रुग्णांवर झाली. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण लगेच प्रक्रिया केलेल्या गटात ८८.३ टक्के आणि चांगल्या औषधोपचाराच्या गटात ८७.८ टक्के होते, म्हणजे जवळपास सारखेच. खोलात पाहिले तर ज्यांचा विकार बायपासयोग्य मानला गेला होता, त्यांच्यात बायपासने गंभीर घटना ३०.५ वरून २२.४ टक्क्यांवर आल्या. ज्यांना स्टेंट योग्य वाटला होता, त्यांच्यात स्टेंटने असा लाभ दिसला नाही. तेव्हा स्थिर विकारात स्टेंट दुखणे कमी करतो, हे त्याचे खरे काम. एखाददुसऱ्या धमनीत अडथळा आहे, चालताना त्रास होत नाही, पंपिंग चांगले आहे, अशा मधुमेही रुग्णाने स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), ॲस्पिरिन, रक्तदाबाची व साखरेची औषधे नीट घेऊन स्टेंट टाळला तर तो बेजबाबदार ठरत नाही. तिन्ही धमन्या किंवा डाव्या मुख्य धमनीचा विकार असेल, तर मात्र नुसत्या औषधांवर राहू नये.

सलाईनच्या उपचाराला चेलेशन म्हणतात. २०१३ च्या एका चाचणीत मधुमेहींना त्याचा थोडा लाभ दिसल्यासारखा वाटला, आणि जाहिराती अजून तीच चाचणी पुढे करतात. तोच लाभ पडताळण्यासाठी, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवरच केलेल्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. त्यांत लाभ आढळला नाही. पैसे वाचवावेत.

प्रश्न : पतीच्या बायपासची तारीख ठरली आहे. साखर किती असावी, तयारी काय करावी आणि खर्चाचे काय? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : मधुमेही रुग्णाच्या बायपासमध्ये घरच्यांना सर्वांत अधिक भीती हृदयाची वाटते. मला जखमेची वाटते. छातीचे मधले हाड कापून तारेने शिवलेले असते आणि साखर वाढलेली असेल, तर त्या जागी जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी आठच्या बरीच वर असेल आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर इन्सुलिनने ती खाली आणण्यासाठी काही आठवडे थांबता येईल का, हे विचारावे. तंबाखू, विडी, गुटखा आजच बंद करावा. पायातील शीर काढणार असल्याने पायावर चिखल्या, जखम किंवा सूज असल्यास आधीच दाखवावी. पावसाळ्यात शेतात अनवाणी जाणाऱ्यांत चिखल्या हमखास असतात.

खर्चाविषयी थोडक्यात सांगतो. राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून चालू आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण तिच्यात आहे. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, हे दाखल होण्यापूर्वीच पाहावे. स्टेंट स्वस्त आणि बायपास महाग, ही समजूतही तपासून घ्यावी. औषधी स्टेंटची किंमत केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपयांवर बांधली व नंतर ती काहीशी वाढली. पण ती एका स्टेंटची आहे. तीन-चार स्टेंट, इस्पितळाचे शुल्क आणि पुन्हा करावी लागणारी प्रक्रिया धरली, तर अंतर पुष्कळ कमी होते.

शस्त्रक्रियेनंतर हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर स्कूटर चालवू नये, पाण्याची कळशी किंवा नारळांची पाटी उचलू नये, कुशीवरून हाताच्या रेट्याने उठू नये. घरी आल्यावर ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागले किंवा खोकताना हाड खटखटल्यासारखे वाटले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. भूक मंदावलेली असताना पेज दिली जाते, ती द्यावी. मात्र पेजेनेही साखर चढते, म्हणून इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांना विचारून जुळवून घ्यावी.

एक गोष्ट तारखेच्या आधीच्या आठवड्यात विसरू नये. पतीच्या मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर ती हृदयासाठी उत्तम औषधे असली तरी शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन दिवस थांबवावी लागतात, नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल साचते आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे ते लवकर लक्षात येत नाही. क्लोपिडोग्रेल सहसा पाच दिवस आधी थांबवतात, पण अलीकडे स्टेंट घातलेला असल्यास हा नियम बदलतो. दाखल होताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत आणि ती भूलतज्ज्ञांसमोर रिकामी करावीत.